जिन्याखालची पाटी

३ जानेवारी

मावशी,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष घालायला खोलीत तेवढी जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात लांबीभर आडवा झालोय असं समज.

पत्र लिहितोय कारण तूच म्हणालीस की फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि ठेवल्यावर सगळं विसरतो. शिवाय तुझे दोन्ही हात रफूत अडकलेले असतात आणि फोन खांद्यावरून घसरून कुणाच्या तरी पँटवर पडतो. तर बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस. बोटीवरची सुटली, रोपवाटिकेतली मीच सोडली, झाडं फार हळू वाढतात गं. मधे लिफ्टवर होतो, तिथे दिवसभर वर-खाली करूनही कुठे पोचत नव्हतो. ही टिकेल असं वाटतं, कारण इथे बसायला खुर्ची आहे.

काम असं. सरकारने 'वारसा दारोदारी' नावाची योजना काढली आहे. गावोगावी जे काही जुनं, थोर, ऐतिहासिक असेल तिथे पितळी पाटी लावायची. पाट्यांचा ठेका आमच्या ठेकेदाराकडे. प्रत्येक गावाला बारा पाट्या. बाराच का, तर पाट्या डझनावर मिळतात. आधी कोऱ्या पाट्या आल्या आणि मग त्यांच्यावर कोरायला इतिहास शोधायची पळापळ सुरू झाली. मजकुरासाठी पाच तज्ज्ञांची समिती होती. तिची एकच बैठक झाली. 'प्राचीन' म्हणजे नक्की किती वर्षं यावरून भांडण लागलं आणि पाचही जण आपापल्या गाडीने निघून गेले. सह्या मात्र आधीच घेऊन ठेवल्या होत्या. मग ठेकेदाराने ऑफिसात विचारलं, अक्षर कुणाचं बरं आहे. मी हात वर केला. माझी सवय तुला माहीत आहे, शाळेत उत्तर येत नसलं तरी माझा हात वर.

काल एका गावाच्या अकरा झाल्या, बारावीला काही सापडेना. तिथल्या कारकुनाने कळवलं की एक मोठं झाड आहे, पण कुणी लावलं ते माहीत नाही. मी लिहिलं, 'एका अज्ञात दूरदर्शी व्यक्तीने लावलेला वृक्ष.' ठेकेदाराने माझ्या पाठीवर थाप मारली. एवढी थाप मला एकाही मास्तराने मारली नव्हती, म्हणजे मारल्या, पण त्या वेगळ्या.

कुठून कुठे आलो. तर तुझ्या गावाची यादी आता माझ्या टेबलावर आहे. अकरा जागा नगराध्यक्षांनी स्वतः भरून पाठवल्यात. त्यांचे आजोबा जन्मले ते घर, आजोबा शिकले ती शाळा, आजोबा ज्यावर बसून समाजाचा विचार करत तो बाक, असं करत करत अकरा. बारावी रिकामी. तुला गावात काही जुनं आठवतं का? लवकर कळव. आर्थिक वर्ष संपायच्या आत पैसे संपले पाहिजेत, नाहीतर परत जातात.

तुझा,
भिरभिऱ्या


१२ जानेवारी

चि. भिरभिऱ्या,

आशीर्वाद. पुरवून वापर.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षरासाठी. अक्षर सुधारलंय.

नगराध्यक्षांचे आजोबा मी पाहिलेत. माणूस वाईट नव्हता, पण शाळेत गेल्याचं त्यांच्या बायकोलाही आठवत नव्हतं. आणि तो बाक गेल्या वर्षी आणलाय, खाली वाकून बघितलं तर दुकानाचं लेबल अजून आहे.

जुनं म्हणशील तर या गावात माझे गुडघे आणि नगरपालिकेचा जिना. सव्वीस वर्षं झाली या जिन्याखाली रफू करत. सहा पावलं लांबीची खोली, उठून उभं राहिलं की डोकं सातव्या पायरीला लागतं. वर घरपट्टी, जन्ममृत्यू आणि तक्रार विभाग. दिवसभर डोक्यावरून पाय जातात आणि कोण कशाला चाललंय ते मला पावलांवरून कळतं. तक्रार करणारा दोन-दोन पायऱ्या गाळून चढतो आणि उतरताना एकेक मोजत येतो. बाहेरच्या बोळातला दिवा जाऊन वर्ष झालं. तक्रार विभाग माझ्या डोक्यावर आहे, तरी माझं म्हणणं वर पोचत नाही.

तुझी ती पाटी माझ्या दाराशी लावलीस तर निदान तो दिवा तरी लागेल. हे चेष्टेनं लिहितेय. लगेच हात वर करू नकोस. आपलं काम पाटी लावण्यासारखं नाही. रफू असं झालं पाहिजे की इथे फाटलं होतं हे मालकालाही आठवू नये.

जेवणाच्या वेळा पाळ. खुर्ची सोडू नकोस.

मावशी


१९ जानेवारी

मावशी,

नमस्कार, या वेळी उभ्या उभ्या.

मी हात वर केला.

रागावण्याआधी पुढचं वाच. तुझ्या गावाची बारावी पाटी तुझ्या जिन्याला. मजकूर ठेकेदाराला इतका आवडला की त्याने तो मोठ्यांदा वाचून दाखवला आणि हिशेबाचा माणूसही क्षणभर थांबला. असा आहे:

'या जिन्याखाली सात पिढ्यांपासून रफूकलेची अखंड परंपरा नांदत आहे. राजघराण्यांची वस्त्रे येथे सांधली जात. या कलेच्या अखेरच्या वारसदार आजही येथे व्रतस्थपणे कार्यरत आहेत.'

आता तुझे आक्षेप मीच घेतो. सात पिढ्या कशाला, तर सव्वीस वर्षं लिहून बघितलं, पितळेवर फार किरकोळ दिसतं. एवढ्या झळाळीखाली किमान शतक पाहिजे. राजघराणी कुठून आली, तर नाटकमंडळीतल्या राजाचा अंगरखा तू रफू करून दिला होतास हे तूच सांगितलं होतंस. नाटकातला असला म्हणून काय, त्याला राजाच म्हणत होते ना सगळे. आणि 'व्रतस्थपणे' हा शब्द मला ठेकेदाराने सुचवला. त्याच्या मते तो शब्द घातला की पगाराचा प्रश्न कोणी विचारत नाही.

मावशी, खरं सांगू? आजवर मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही. बोटीवरून तुला शंख आणला तोही प्लॅस्टिकचा निघाला. तुझं काम इतकं चांगलं की दिसतच नाही, मग तुला ओळखणार कोण? आता येणारा-जाणारा थांबेल. आणि दिवा तर लागेलच.

तुझा,
भिरभिऱ्या


१५ फेब्रुवारी

चि. भिरभिऱ्या,

पाटी लागली. चार स्क्रू आणि पाऊण तासाचं भाषण. नगराध्यक्ष बेचाळीस मिनिटं आजोबांवर बोलले आणि तीन मिनिटं माझ्यावर. त्या तीन मिनिटांत त्यांनी रफूला विणकाम म्हटलं. नंतर हार घातला तो पीएने लगेच काढून घेतला, पुढच्या पाटीला लागणार होता.

सात पिढ्या म्हणे. मेल्या, तुझी आजी शाळेत शिपाई होती. तिच्या आईला सुईत दोरा ओवायला शेजारीण लागायची. मी हे काम शिकले ड्रायक्लीनरच्या दुकानात, तेही इस्त्रीने एका वकिलाच्या कोटाची बाही जाळली म्हणून. मालक म्हणाला, एक तर पैसे भर नाहीतर रफू शिकून भरून दे. माझी परंपरा ही. वकील अजून भेटतात, बाही अजून घालतात.

लोक येतात. पाटी वाचतात, मला बघतात, पुन्हा पाटी बघतात. फाटकं मात्र कोणी आणत नाही. काल एक बाई हळूच विचारून गेली, तुम्ही खऱ्या आहात का. आणि माझी नेहमीची गिऱ्हाइकं बिचकायला लागलीत. राजघराण्यांच्या रफूगराकडे पायमोजे कसे न्यायचे म्हणून गुरुजींनी तीन दिवस फाटक्या मोज्यांनी काढले.

पण तुझ्यापासून काय लपवायचं. सकाळी कुलूप काढल्यावर मी ती पाटी फडक्याने पुसते. बोळात कोणी नाही ना, ते बघून.

परवा दोन माणसं टेप घेऊन आली होती. जिना मोजला, खोली मोजली, माझं टेबल मोजलं. मग मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं आणि माझीही उंची घेतली. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, वरून आलंय. दिवा अजून बंदच आहे.

मावशी


२३ फेब्रुवारी

मावशी,

बघितलंस? टेप आली म्हणजे काम निघालं. मला तर सरळ दिसतंय, ते तुला नवीन टेबल देणार आणि तुझ्या उंचीची खुर्ची करून घेणार. सरकार असं माणसाच्या मापाने काही करतं हे मी पहिल्यांदा ऐकतोय. नाही म्हणू नकोस, आणि जमलं तर खणवालं टेबल माग.

माझी बढती झाली. मी आता मुख्य मजकूरलेखक. दुय्यम कोणी नाही, पण मुख्य मी आहे. आजपर्यंत सत्तावीस गावं, तीनशे चोवीस पाट्या. इतिहास लिहिण्याचं तंत्र मला आता चांगलं जमलंय. नाव ठाऊक नसेल तर 'लोकमान्यता', वर्ष ठाऊक नसेल तर 'पूर्वापार', आणि काहीच ठाऊक नसेल तर 'संशोधकांच्या मते'. संशोधक कोण असं एकाही गावाने विचारलं नाही. एक गाव तर म्हणालं, आमच्याकडे लढाई झालीच नाही, शेजारच्या गावाच्या पाटीवर आहे, आम्हाला छोटीशी तरी द्या. दिली.

एका ठिकाणी मात्र घोटाळा झाला. दोन पाट्या अदलाबदल होऊन लागल्या आणि 'थोर पुरुष येथे बसून समाजाचा विचार करीत' ही सार्वजनिक शौचालयावर गेली. बदलायला माणूस पाठवला तर गावकऱ्यांनीच अडवलं. म्हणाले, राहू द्या, आम्हीही तेच करतो.

सांगायचं होतं वेगळंच, ते आता आठवत नाही. खुर्चीचं कळव.

तुझा,
भिरभिऱ्या


२२ मार्च

चि. भिरभिऱ्या,

आशीर्वाद. माझं ठीक आहे. सध्या काम घरीच आणते. जिन्याखाली वारा फार येतो. गिऱ्हाइकं कमी आहेत, पण या दिवसांत असतातच.

तू नोकरी सांभाळ. इतके दिवस एका खुर्चीवर पहिल्यांदाच बसला आहेस.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

वारा? तीन बाजूंना भिंत, वर पायऱ्या, तिथे यायला वाऱ्याला अर्ज करावा लागेल.

तुझं पत्र आलं तेव्हा मला काही कळलं नाही. इतकं लहान पत्र तू कधी लिहीत नाहीस, एवढं तरी कळायला हवं होतं. काल तुझ्या गावाचा पूर्तता अहवाल माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलंय, 'स्थळ क्रमांक बारा, अतिक्रमण हटवले.' मी कारकुनाला विचारलं, जिन्याखाली कसलं अतिक्रमण होतं. तो म्हणाला, कोणी बाई बसायची म्हणे.

मावशी, तू का सांगितलं नाहीस? फाइलमध्ये तुला दिलेल्या नोटिशीची प्रत आहे. 'वारसास्थळाच्या आवारात कोणताही व्यवसाय करण्यास मनाई आहे. तरी पारंपरिक रफूकलेचे जतन व्हावे यासाठी आपण रफूचे काम तात्काळ बंद करून जागा मोकळी करावी.' खाली तुझी सही, सहा मार्चची. चार वेळा वाचली. रफू टिकावं म्हणून रफू बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भाषा ओळखीची वाटली. अर्धे शब्द माझ्या पाटीवरून उचललेत.

ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, लावायचा ठेका माझा होता, काढायचा ठेका वेगळा निघेल. मग योजनेच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की पाटी एकदा लागली की ती सरकारी मालमत्ता. ती निघायला एकच वाट, मजकूर खोटा आहे असं लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. माझ्याकडे बघत म्हणाले, आहे का कोणी?

मी म्हटलं, चौकशी करून सांगतो.

विचार चालू आहे, मावशी. तू म्हणशील, त्यात विचार कसला. पण एक पाटी खोटी म्हटली की उरलेल्या तीनशे तेवीस कुठे जातील? इथे पाट्या घासणाऱ्या सहा बायका आहेत, त्यांचं काम जाईल. खोलीचं भाडं मी पहिल्यांदाच वेळेवर देतोय, घरमालक मला नावाने हाक मारायला लागलाय. आणि तूच लिहिलं होतंस, नोकरी सांभाळ.

तोवर तू वकिलांना भेटून बघ. तेच बाहीवाले.

तुझा,
भिरभिऱ्या


९ एप्रिल

चि. भिरभिऱ्या,

सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर तू अर्ध्या वाटेत नोकरी सोडून आला असतास आणि इथे आल्यावर काय करायचं ते विसरला असतास.

वकिलांना भेटले. त्यांनी नोटीस वाचली, बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाले, कागद पक्का आहे.

माझ्या जागी पुतळा बसवलाय. फायबरची बाई. उंची माझी, चेहरा कुणा भलत्याच बाईचा, वय पंचविशीचं, सुई डाव्या हातात. समोर ताणलेल्या कापडाला भोकच नाही. बिचारी रफू कशाचं करणार? खाली कळ आहे, ती दाबली की कोणीतरी बाई बोलते, 'मी रफूगर, माझी कहाणी ऐका.' माझी कहाणी मी सव्वीस वर्षांत कोणाला सांगितली नाही, ती ही आता मिनिटाला दोनदा सांगतेय.

दर रविवारी दोन तास जिवंत सादरीकरण आहे. रफूगराचं काम करून दाखवायला माणूस हवा म्हणून अर्ज मागवले होते. मीही जिना चढून गेले, दिला अर्ज. खिडकीतला म्हणाला, वय पस्तीसच्या आत पाहिजे. शिवाय म्हणाला, चष्म्यामुळे तुम्ही तेवढ्या पारंपरिक वाटत नाही.

हे हसण्यावारी नेते आहे, पण तुला खरं काय ते कळू दे. घरात खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. दिवसाही दिवा लावावा लागतो, त्याचा उजेड पिवळा, काळा आणि निळा दोरा सारखाच दिसतो. माझी गिऱ्हाइकं म्हातारी, चौथ्या मजल्यावर चढत नाहीत. गेल्या महिन्यात तीन कपडे झाले. असे अजून दोन महिने गेले तर मला सुई ठेवून तुझ्या मामाच्या घरी, त्याच्या सुनेच्या हाताखाली राहायला जावं लागेल. ती चांगली आहे, म्हणूनच नको.

आणि तुझं ते प्रतिज्ञापत्र. खोटं लिहिताना तुझ्याकडे कोणी सही मागितली नाही, खरं लिहायचं तर मागतायत. हा काही तुझा दोष नाही. तू सही कर किंवा करू नकोस, मी तुला काही म्हणणार नाही. फक्त 'विचार चालू आहे' हे वाक्य मला लिहू नकोस. ते मी वरच्या मजल्याकडून सव्वीस वर्षं ऐकत आलेय.

दारावर कोणीतरी आलंय. धापा टाकतोय म्हणजे नगरपालिकेचा माणूस दिसतो. थांबते.

मावशी


१८ एप्रिल

मावशी,

सही केली. तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी.

चार पानं लिहिली. तुझी आजी आणि तिची शेजारीण, ड्रायक्लीनर, वकिलाची बाही, नाटकातला राजा, सगळं जसंच्या तसं. मी आजवर लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं. साहेबांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, पोचलं.

"हा पाटीवरचा मजकूर तुम्ही लिहिला?"

"हो."

"शक्य नाही. मजकूर पाच तज्ज्ञांच्या समितीने लिहिला, पाचांच्या सह्या आहेत माझ्याकडे. तुम्ही तज्ज्ञ आहात?"

"नाही."

"मग तुम्ही लिहिला नाही."

मी म्हटलं, साहेब, माझं अक्षर बघा. ते म्हणाले, अक्षर सुरेख आहे, आणि चारही पानं फाइलला लावून दोरी बांधली. माणूस चांगला आहे तो, मला पाणी दिलं, शिकलास किती विचारलं. तर आता सरकारदरबारी असं सिद्ध झालंय की मी काहीच लिहिलेलं नाही. ठेकेदाराने ते ऐकलं आणि म्हणाला, काहीच लिहिलं नसेल तर पगार कशाचा? खुर्ची गेली. पाट्या घासणाऱ्या बायकांचं काम काही गेलं नाही, त्यांनी मला डबा दिला.

पाटी तिथेच आहे, पुतळा तिथेच आहे, तू चौथ्या मजल्यावर. मला तुला वर चढवायचं होतं, ते असं झालं. लहानपणापासून माझं हेच, मावशी. जे हातात घेतो त्याचं काय होतं ते तुला माहीत आहे. पण बाकी सगळ्या वेळी माझं मोडलं. या वेळी तुझं मोडलं.

मी येऊ का? गिऱ्हाइकांचे कपडे खालून वर, वरून खाली करीन. लिफ्टचा अनुभव आहे. पैसे नकोत. खरंच सांगतोय, विचार करून.

तुझा,
भिरभिऱ्या

ता. क. दारावर कोण आलं होतं?


२ मे

चि. भिरभिऱ्या,

आशीर्वाद. या वेळी हात आखडता घेत नाही.

दारावर आला होता नगराध्यक्षांचा पीए. हातात कागदात गुंडाळलेला कोट. आजोबांचा ऐतिहासिक कोट म्हणे. नगरपालिकेत आजोबांचं दालन उघडणार, त्या दिवशी नगराध्यक्ष तो घालून भाषण करणार आणि मग कोट काचेच्या कपाटात जाणार. घालून बघताना पाठीत फाटला, शिवाय जागोजागी भोकं. गावात दुसरं कोणी हे काम करत नाही, आणि बाहेरगावी पाठवायला ते तयार नव्हते. का ते मला नंतर कळलं.

मी कोटाला हात न लावता नोटीस पुढे केली. म्हटलं, रफू बंद करायचा हुकूम आहे, तोही तुमच्याच नगरपालिकेचा. पीए म्हणाला, अहो बाई, घरच्या घरी करा, कोणाला कळतंय. मी त्याला खिडकीपाशी नेलं आणि दोन दोरे दाखवले, सांगा यातला काळा कोणता. त्याने निळा उचलला. म्हटलं, इथे केलं तर नगराध्यक्ष पाठीवर निळी रेघ घेऊन फिरतील. जिन्याखाली दारातून येतो तो दिवसाचा उजेड पाहिजे, आणि परवानगी लेखी पाहिजे. तासाभरात कागद आला. त्या इमारतीतलं तासाभरात झालेलं मी पाहिलेलं पहिलं काम. 'ऐतिहासिक कोटाच्या जतनाचे काम पूर्ण होईपर्यंत सदर महिलेस जिन्याखाली बसून रफू करण्यास विशेष बाब म्हणून परवानगी देण्यात येत आहे.'

पूर्ण होईपर्यंत. घाईत तारीख घालायची राहिली.

जिन्याखाली आल्यावर मी कोट उजेडात धरला. गिऱ्हाइकाच्या कपड्याचं बाहेर बोलायचं नाही हा माझा नियम, पण तू माझ्या घरचा. कापड टेरिलीनचं आहे. आजोबांच्या तरुणपणी ते या गावात कोणी पाहिलंही नव्हतं. कॉलरचं लेबल उसवून काढलंय, टाक्यांची भोकं तशीच आहेत. आणि कसरीने खाल्लेलं म्हणून दाखवलंय ते कसरीने खाल्लेलं नाही. कसर लोकर खाते, टेरिलीनला तोंड लावत नाही. शिवाय तिच्या भोकाची कड कुरतडलेली असते, ही सगळी गोल, स्वच्छ, नखं कापायच्या कात्रीने काढलेली. कोणीतरी नवा कोट घेऊन रात्रंदिवस त्याला म्हातारं करत बसलं होतं, आणि पाठीत जरा जास्तच म्हातारा झाला.

मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर एक दिवस गाव हसलं असतं, दुसऱ्या दिवशी कोट गेला असता आणि त्याच्याबरोबर माझा कागद.

पाठ रफू करून दिली. डाव्या काखेतलं भोक राहू दिलं आणि निरोप पाठवला, एवढ्या वेळात एवढंच झालं, भाषणात हात वर करू नका. नगराध्यक्षांनी सगळं भाषण डावा हात अंगाशी धरून केलं. पेपरात आलं, त्यांच्या बोलण्यात पूर्वी नव्हता असा संयम दिसला. दुसऱ्या दिवशी कोट उरलेल्या कामासाठी माझ्याकडे परत. एक भोक बुजवलं की शेजारचं कापड ओढतं, मग तेवढं उसवून पुन्हा घ्यावं लागतं. असंच असतं ते. नसलं तरी असतं.

येता-जाता ते दारात डोकावतात. मला कळलंय असा त्यांना संशय आहे, आणि त्यांना संशय आहे असा मला संशय आहे. आम्ही एकमेकांना फार आदराने नमस्कार करतो. गुरुजींचे पायमोजे, वकिलांची दुसरी बाही, सगळं पुन्हा येऊ लागलंय. परवानगी कोटापुरती आहे, म्हणून बाकीचं मी कोटासाठी हात बसवायला घेते असं वहीत लिहिते. त्या फायबरच्या बाईला हलवायला मनाई आहे, तेव्हा तयार कपडे तिच्या हातावर टांगते. कोणी कळ दाबली नाही तर शेजारीण म्हणून चांगली आहे.

तुझी चार पानं साहेबांनी मानली नाहीत. मी मानली. एवढी वर्षं तुझ्या आईला मी सांगत होते की हा पोरगा एखादी गोष्ट शेवटापर्यंत नेईल तेव्हा बघ. तिला आज पत्र टाकते.

पण तुझ्यावर जो राग होता त्यातला निम्मा मला परत घ्यावा लागतोय. तू खोटं लिहिलंस त्याने मी बाहेर पडले, तू खरं लिहिलंस त्याने आत येता आलं नाही. आत आले ती त्यांच्याच खोट्या बाहीला धरून. फाटलेलं झाकणं हा माझा धंदा, खोटं झाकायला पहिल्यांदाच बसलेय, आणि हात तसाच चालतो, काही फरक पडत नाही, हे मला आवडलं नाही. लाज वाटते का? सकाळी कुलूप काढताना वाटते थोडी. दहा वाजता गिऱ्हाइक येतं.

तू ये. राहायला ये, काम करायला नको. काही दिवस काही लिहू नकोस.

काल पीए पुन्हा विचारायला आला होता, कोट कधी होणार. मी सुईवरून मान वर केली नाही. म्हटलं, "तुम्हाला तो जुना हवाय ना? मग वेळ लागणारच."

तुझी,
मावशी